मूळ गावकऱ्यांची यादी

माझ्या वडिलांना रांगेतून बाजूला केलं, तेव्हा मी त्यांच्यापासून पाच-सहा हातांवर बसले होते. पुढ्यात लाळ गोळा करायच्या नळ्या, हातांत रबरी मोजे, गळ्यात संस्थेचं ओळखपत्र. मी एक शब्द बोलले नाही. पुढे मी बऱ्याच लोकांवर रागावणार आहे, तेव्हा सुरुवात स्वतःपासून केलेली बरी.

आमचं गाव घनसावंगी तालुक्यात, गोदावरीपासून जवळ. आम्ही बौद्ध. आमची वस्ती गावाच्या पूर्वेला, ओढ्यापलीकडे. वडील प्राथमिक शिक्षक होते. सुरुवातीची काही वर्षं कुंभार पिंपळगावला आणि नंतर निवृत्त होईपर्यंत आमच्याच गावात. निम्मं गाव त्यांच्याकडून पाढे शिकलेलं आहे. मी संख्याशास्त्र शिकले आणि पुण्यात एका प्रयोगशाळेत लागले. तिथं हजारो वर्षांपूर्वीच्या हाडांमधून डीएनए काढतात. कोण कुणाचं कोण लागत होतं, हे त्या डीएनएवरून ठरवायचं काम माझं. पहिल्यांदा वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते हसले होते. "म्हणजे तू मेलेल्यांच्या सोयरिकी जुळवून राह्यलीस," म्हणाले.

काम सोपं नाही. जुन्या हाडातला डीएनए म्हणजे वाळवी लागलेली वही. आपल्याकडच्या उन्हात तर पानंच्या पानं जातात. दोन माणसांचं नातं तपासायचं, तर दोघांच्याही वहीत जी पानं शिल्लक आहेत तेवढीच ताडून बघता येतात. त्यामुळं सुट्या जोडीवरून काढलेला अंदाज कच्चा असतो. म्हणून आम्ही सगळ्यांना एकदम घेतो. प्रत्येक माणूस एक ठिपका, प्रत्येक नातं एक रेघ, आणि सगळ्या रेघांचं मिळून एक जाळं. हा त्याचा भाऊ असेल आणि तो तिचा बाप असेल, तर हा तिचा चुलता असलाच पाहिजे. तसं दिसत नसेल, तर कुठलीतरी रेघ चुकली. अशी असंख्य जाळी संगणक मांडून बघतो आणि हाडांशी सगळ्यात जास्त जुळणारं कोणतं, ते सांगतो. खात्री किती, तेही सांगतो. मला ते काम आवडायचं. त्यात कुणाचं आडनाव विचारत नाहीत, असं मी लोकांना मोठ्या तोऱ्यानं सांगायचे.

मग आमच्याच गावात हाडं निघाली.

आमच्याकडं जुन्या वस्तीच्या टेकाडाला पांढरी म्हणतात. पांढरीला लागून एका शेतकऱ्याचा ऊस होता. हा शेतकरी माझ्या वडिलांचा विद्यार्थी, आता पन्नाशीला आलेला, कमी बोलणारा माणूस. बांधाकडची जमीन सपाट करताना जेसीबीच्या तोंडात एक मडकं आलं, तोंडाला तोंड लावून ठेवलेलं दुसरं मडकं त्याच्यासोबत, आणि आत तान्ह्या मुलाची हाडं. दुसऱ्या कुणी ते बांधाआड फेकलं असतं. यानं मशीन थांबवली आणि तहसीलला जाऊन सांगितलं. पुढं उत्खननवाले आले, दोन हिवाळे खणत राहिले. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनी सापडल्या, चुली सापडल्या, वस्तीभोवती एक खंदक सापडला. घराच्या जमिनीखाली मडक्यात पुरलेली मुलं, त्यांच्याशेजारी मोठी माणसं. आणि खंदकाच्या बाहेर एकटाच एक पुरुष, पाय मुडपलेला, जवळ साधं खापरसुद्धा नाही.

अकरा जणांच्या हाडांत कामापुरता डीएनए शिल्लक होता. खंदकाबाहेरचा हा पुरुष अकरावा. आमच्या प्रकल्पाचे प्रमुख, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणायचो, त्यांनी एकही चाचणी व्हायच्या आधी त्याचं नाव ठेवलं होतं, 'बाहेरचा'. कच्च्या अहवालात तर लिहूनही टाकलं होतं की हा बहुधा सेवा करणाऱ्या, परक्या गटातला असावा. मला ते खटकलं. पण हाडं बोलतील, असं म्हणून मी गप्प बसले. गप्प बसायची सवय तिथून लागली.

ते माझं गाव आहे कळल्यावर सर खूश झाले. गावची मुलगी सोबत असली की लोक विश्वास ठेवतात, म्हणाले. मीही खूश झाले होते. वडिलांना लगेच फोन केला. त्यांनी शेजारच्या चार घरांत जाऊन सांगितलं, आमची लेक हाडांच्या कामाला गावात येणार.

सरांना हाडांची तुलना आजच्या गावकऱ्यांशी करायची होती. त्यासाठी लाळेचे नमुने हवे होते, तेही 'मूळ गावकऱ्यांचे'. ग्रामपंचायतीनं यादी पाठवली. गावाकडं येताना वडीगोद्रीला चहासाठी गाडी थांबली, तिथं मी ती पहिल्यांदा वाचली. जुन्या जमिनीच्या नोंदींत ज्यांच्या घराण्याचं नाव होतं तेवढेच लोक त्यात होते. आमच्या वस्तीतलं एक नाव नाही. मशिदीमागच्या घरांतलं नाही. बलुत्यावर जगलेल्या घरांतलं नाही. मी सरांना विचारलं. ते बिस्किट चहात बुडवत म्हणाले की जमिनीची नोंद हा एकच ठोस कागद आहे, हा पहिला टप्पा आहे, पुढं वाढवू. म्हणजे ज्याच्याकडं सातबारा तो मूळचा. ज्याला जमीन ठेवूच दिली नाही तो आगंतुक. संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही सांगता येईल की असा नमुना घेतला तर उत्तर आधीच ठरलेलं असतं. मला ते तिथल्या तिथं सांगता आलं असतं. मी कप ठेवला आणि गाडीत जाऊन बसले.

शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलं होतं. ग्रामपंचायतीचा एक सदस्य यादीवर खुणा करत एकेकाला पुढं सोडत होता. वडील कधी आले मला कळलं नाही. मान वर केली तर ते रांगेत होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, खिशाला पेन लावून. त्यांना यादीचं माहीत नव्हतं. लेक नमुने घेते आहे म्हटल्यावर ते सरळ येऊन रांगेत उभे राहिले होते. ज्या व्हरांड्यात त्यांनी बावीस वर्षं हजेरी घेतली, त्याच व्हरांड्यात.

सदस्यानं यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. त्यालाही त्यांनीच शिकवलेलं. तो ओशाळून म्हणाला, "गुरुजी, तुमचं नंतर बघू." वडिलांना समजलं नाही. ते म्हणाले की मला घाई नाही, थांबतो. मग सर खुर्चीतून उठले. ते माझे वडील आहेत हे सरांना माहीत नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. अत्यंत नम्रपणे त्यांनी वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला.

"आजोबा, हे फक्त मूळ रहिवाशांसाठी आहे."

वडिलांनी माझ्याकडं पाहिलं. एकदाच. मी नळीवर क्रमांक लिहीत होते. त्यांच्या मागं उसाच्या शेताचा मालक उभा होता. त्यानं पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरली आणि तोही काही बोलला नाही. वडील रांगेतून निघाले, पायऱ्या उतरले, आणि मैदान ओलांडून घराकडं गेले. रांग एक पाऊल पुढं सरकली.

संध्याकाळी घरी गेले तर त्यांनी पिठलं केलं होतं. मला वाटलं होतं ते रागावतील. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. जेवण झाल्यावर ते त्यांच्या शिकवायच्या आवाजात सांगायला लागले. गावात शिवेचं भांडण लागलं की कुणाला बोलवायचे, तर आपल्या माणसाला. कुठला धोंडा कुठल्या गावचा, हे त्यालाच माहीत. निजामाच्या राज्यात त्यांच्या आजोबांनी दोन गावांच्या पंचांपुढं सगळी शीव चालून दाखवली होती, आणि त्यांनी जिथं काठी टेकवली तिथं खूण पुरली. "शीव आपल्याला विचारून ठरली," ते म्हणाले, "अन मूळचे ते झाले."  भांडी घासायला मी उठले, तर त्यांनी हातातून तांब्या काढून घेतला.

पुण्याला परत आले आणि जाळं मांडलं. आता माझा राग कामाला लागला होता, आणि रागात केलेल्या कामावर माझा विश्वास नसतो, म्हणून प्रत्येक पायरी दोनदा केली.

दहा जणांचं जाळं लवकर जुळलं. सगळ्यात मोठ्या घराच्या जमिनीखाली पुरलेला पुरुष, त्याची मुलं, एक नातू. मोठ्या बायकांच्या रेघा फक्त स्वतःच्या मुलांकडं जात होत्या. त्यांचे आईबाप तिथं कुणी नव्हते. त्या बाहेरून नांदायला आल्या असाव्यात. सरांनी या भागाचं तोंड भरून कौतुक केलं.

मग अकरावा. त्याची वही फार फाटलेली. कुठल्याही एका माणसाशी ताडला तर नातं असेल किंवा नसेल, एवढंच म्हणता यायचं. पण जाळ्यात ठेवला की त्याच्या सगळ्या अर्धवट रेघा एकाच जागेकडं ओढायच्या. मोठ्या घरातल्या पुरुषाशी सख्ख्या भावासारखी जवळीक, त्याच्या तिन्ही मुलांशी चुलत्याएवढी, नातवाशी त्याहून कमी, जशी असायला हवी तशी. दुसरीकडं कुठंही बसवला तर जाळं विस्कटायचं. खंदकाबाहेर, खापराशिवाय पुरलेला तो 'परका' माणूस घरमालकाचा सख्खा भाऊ होता.

मी सरांना दाखवलं.  ते म्हणाले की डेटा फार कमी आहे, याला वगळ. मी म्हटलं, मडक्यातल्या एका बाळाचा डेटा याच्याहूनही कमी आहे आणि ते आपण ठेवलंय. ते बाळ जाळ्यात नीट बसतं, सर म्हणाले. मी म्हटलं हाही बसतो, फक्त तुमच्या अहवालात बसत नाही. हे वाक्य बोलायला मला तीन महिने लागले होते.

त्यांचा चेहरा उतरला. कदाचित खणताना कुणाच्या हाताचा डीएनए लागला असेल, अशी शंका त्यांनी काढली. ही शंका रास्त होती, ती मी मान्य केली. आमच्याकडं हाडांचं काम करणारी माझी एक मैत्रीण होती, शांत आणि कमालीची चिवट. तिनं त्याच माणसाच्या दुसऱ्या कानामागच्या हाडातून पुन्हा डीएनए काढला आणि अर्धा नमुना दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवला, कुणाचा आहे हे न सांगता. दोन्हीकडून तेच आलं. भेसळ नाही. सख्खा भाऊ.

त्यावर सर जे म्हणाले ते मी विसरणार नाही. आवाज न चढवता म्हणाले, "तू फार जवळून बघतेयस. तुझ्या पार्श्वभूमीमुळं तुला बाहेरच्या माणसाबद्दल जास्त वाटणं साहजिक आहे."

म्हणजे बाहेर पुरलेल्याला न तपासता परका म्हणणं, ते शास्त्र. दोनदा तपासून भाऊ म्हणणं, ती माझी पार्श्वभूमी. सरांना पार्श्वभूमी नव्हती. ती फक्त माझ्यासारख्यांना असते.  त्याच दिवशी मी संस्थेच्या एथिक्स कमिटीला यादीबद्दल पत्र लिहिलं. कोण वगळलं गेलं, कसं वगळलं गेलं आणि मी स्वतः तिथं बसून गप्प कशी राहिले, सगळं.

कमिटीचं उत्तर यायच्या आधी गावात कार्यक्रम ठरला. शाळेच्या मैदानात मंडप, मागं मोठा फ्लेक्स, त्यावर हाडांचा फोटो आणि खाली 'आमच्या मातीतले आमचे पूर्वज'. यादीतली घराणी पुढच्या खुर्च्यांवर. आमच्या वस्तीतले लोक मागं, उभे. वडील आले होते. त्यांना कुणीतरी खुर्ची दिली, ती त्यांनी दुसऱ्या एका म्हाताऱ्या बाईला दिली.

सरांनी पडद्यावर जाळं दाखवलं. दहा ठिपके. याच मातीत ही वस्ती अखंड नांदत आली असावी, असं ते म्हणाले, आणि पुढच्या खुर्च्यांनी टाळ्या वाजवल्या. मग गावची लेक म्हणून मला पाच मिनिटं दिली. सरांना वाटलं मी आभार मानीन.

मी माझं जाळं लावलं. अकरा ठिपके. हा अकरावा खंदकाबाहेर पुरला होता, हा आतल्या मोठ्या घरातल्या माणसाचा सख्खा भाऊ आहे, दोन ठिकाणी तपासलंय, असं सांगितलं. दुसरं सांगितलं ते यादीचं. इतक्या मागच्या माणसाचा वंश उरला असेल तर तो एका घराण्यापुरता उरत नाही, तो मंडपात बसलेल्या आणि उभ्या असलेल्या सगळ्यांत थोडा थोडा असू शकतो. पण आपण फक्त बसलेल्यांना तपासलं, म्हणून उभ्या असलेल्यांबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही. यादी मी वाचली होती आणि मी बोलले नव्हते, हेही सांगितलं. माझे वडील त्या दिवशी रांगेत होते, एवढं म्हणून थांबले.

टाळी कुणी वाजवली नाही. समोरची माणसं फ्लेक्सकडं, छताकडं, मोबाइलकडं बघत होती. सरांनी माइककडं हात केला. तेवढ्यात उसाच्या शेताचा मालक उठला. त्याच्या शेतातून हे सगळं निघालं म्हणून त्याला पहिल्या रांगेत बसवलं होतं.

"ताई, सख्खा भाऊ व्हता, तर मंग त्याला बाहेर कामून पुरलं?"

मी खरं ते सांगितलं. हाडांवरून ते कळत नाही. आजारी असेल, भांडण असेल, त्यानं काही केलं असेल, किंवा त्याच्यावर कुणी काही केलं असेल. नातं कळतं, वागणूक कळत नाही. त्यानं मान हलवली, आणि खाली बसायच्या ऐवजी तो मंडपातून चालत मागं आला आणि वडिलांजवळ उभा राहिला.  कार्यक्रम संपेपर्यंत नुसता उभा राहिला. मला त्याचाही राग आला. हे त्याला व्हरांड्यात करता आलं असतं. पण मग मलाही करता आलं असतं.

ओढ्यावरून घरी जाताना मी वडिलांच्या शाबासकीची वाट पाहत होते. ते बराच वेळ काठीनं वाटेवरचे काटे बाजूला सारत चालले. मग म्हणाले, "बोललीस ते बराबर बोललीस. पण त्या दिवशी बोलायचं व्हतं."

मी म्हटलं, हो.

थोडं पुढं गेल्यावर त्यांनी विचारलं, "तो बाहेरचा आपला व्हता का?"

हो म्हणता येत नव्हतं, आणि ते मला जड गेलं. कारण इतके महिने मनातल्या मनात मी त्याला आपलाच धरला होता. रात्रंदिवस त्याच्या रेघा जुळवताना मला तो आमच्या वस्तीतला वाटत होता, आणि पुढच्या खुर्च्यांवरच्या लोकांनी जे केलं तेच मी करत होते. मी त्यांना सांगितलं की तो कुणाचा हे सांगता येत नाही, आपण तपासलंच नाही. "बरं झालं," ते म्हणाले. "आपलं माणूसपण काय त्याच्या हाडावर थोडंच हाय."

मला त्यांच्यासारखं शांत होता आलं नाही, अजूनही होता येत नाही.

पुढं जे झालं ते असं. शोधनिबंध अकराही जणांसह निघाला, कारण माझ्या मैत्रिणीनं दहाच जणांच्या निबंधावर सही करायला नकार दिला. अकराव्याच्या नावापुढं 'सख्खा भाऊ असण्याची शक्यता' लिहिलंय, आणि ते बरोबरच आहे. जाळं माझं आहे, माझं नाव शेवटी आभारांत आहे. 'सेवा करणारा, परका गट' हे शब्द काढले, पण ते का होते याबद्दल एक ओळ नाही. कमिटीनं जिवंत माणसांचे सगळे नमुने बाजूला ठेवायला लावले आणि यादी नव्यानं, सगळ्या वस्त्यांतून, चिठ्ठ्या टाकून करायला सांगितली. सर दुसऱ्या प्रकल्पावर गेले. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

नव्या यादीचं काम माझ्याकडं आलं. चिठ्ठ्यांमध्ये आमच्या वस्तीतली बारा घरं निघाली, त्यात आमचंही होतं. नियमानं मला स्वतःच्या घरी जाता येत नव्हतं, म्हणून मैत्रीण गेली. मी ओट्यावर बसले होते, आतलं ऐकू येत होतं. तिनं वडिलांना सगळं नीट समजावलं, कशासाठी, काय होणार, हवं तेव्हा नाव काढून घेता येईल. त्यांनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले, तिला पाणी दिलं.

"काम चांगलं करून राह्यल्या तुम्ही," ते म्हणाले. "पण मी देत न्हाई."

तिनं कारण विचारलं नाही. अर्जावर नकाराचा एक चौकोन असतो, त्यात तिनं खूण केली आणि सहीसाठी अर्ज पुढं केला. वडिलांनी खिशातलं पेन काढून मोठ्या, गोल अक्षरात सही केली. मी ओट्यावरून उठले आणि पुढच्या घराकडं निघाले. अजून अकरा घरं बाकी होती.